सर्व्हेचा आकडा छापा, पण माणसं कशी निवडली तेही छापा : गोव्यातल्या संपादकांना खुलं पत्र

गोव्यातल्या सगळ्या वर्तमानपत्रांच्या, न्यूज चॅनेलांच्या आणि पोर्टलांच्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहते, कितीतरी वर्षं मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवतेय, आणि सकाळच्या चहाबरोबर पेपर लागतोच, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मी जुनी वाचक आहे. पुढची विधानसभा २०२७ ला आहे, सर्व्हेचे आकडे आता येतच राहणार, म्हणून हे आत्ताच लिहितेय, नंतर कुणाला ऐकायला वेळ नसतो.

झालं असं की वर्गात सँपलिंग शिकवत होते आणि एका मुलाने मोबाईल पुढे केला. एका न्यूज पेजवर लोकांना विचारलेलं की पुढचं सरकार कुणाचं, तीन हजार जणांनी बटण दाबलेलं, आणि निकालाच्या खाली छापलेलं होतं, मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे १.८ टक्के, म्हणजे खरा आकडा फार तर एवढाच इकडे-तिकडे असेल. मुलगा हुशार आहे, म्हणाला मॅडम मी सूत्रात घालून बघितलं, ०.९८ भागिले ३००० चं वर्गमूळ, बरोबर १.८ येतं. येतंच. गणितात काही चूक नाही, आणि गणितात चूक नाही म्हणून त्याला वाटलं की बातमी पण बरोबर. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण सूत्र मीच शिकवलेलं, आणि सूत्राच्या आधी जी एक अट असते ती मी घाईत एका वाक्यात उरकलेली. तुमच्या बातम्यांत तर ती अट कधी नसतेच.

अट अशी, की ते सूत्र फक्त चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांना लागू होतं. म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या सगळ्यांची यादी पाहिजे, त्या यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची संधी पाहिजे आणि ती संधी किती ते आपल्याला माहीत पाहिजे, आणि कोण येणार ते विचारणाऱ्याच्याही हातात नको आणि उत्तर देणाऱ्याच्याही हातात नको. ज्या पोलमध्ये माणूस आपणहून येऊन बटण दाबतो तिथे मार्जिन ऑफ एरर नावाची गोष्टच नसते. ते १.८ नाही, १८ पण नाही, तो आकडा काढताच येत नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी बाबांकडून कळलेलं. बाबा मायनिंगात होते, सँपलिंगला. आमच्याकडचा खनिज माल ट्रकातून जेटीवर, जेटीवरून बार्जमध्ये, बार्ज मांडवीतून मुरगावला आणि तिथून जहाजात जायचा, आणि जहाजातल्या मालाचा भाव लोखंड किती टक्के आहे त्यावर ठरायचा, टक्का खाली आला की पैसे कापले जायचे. आता बघा, जहाजात हजारो टन माल आणि लॅबमध्ये शेवटी जाते ती मूठभर पावडर. त्या मुठीवर विकणारा पण विश्वास ठेवतो आणि समुद्रापलीकडचा घेणारा पण ठेवतो, कशाच्या जोरावर?

मी लहान असताना एकदा ढिगाजवळ उभी होते आणि सहज पायथ्याचा माल उचलून बाबांना दिला, हे घ्या सँपल. त्यांनी मला खाली बसवून दाखवलं की वरून माल ओतला की मोठे दगड गडगडत खाली येऊन पायथ्याशी जमतात आणि बारीक माल वर नि मधे राहतो, म्हणून आपल्या हाताला जे लागतं ते कायम ढिगाच्या कडेचं असतं, ढिगाचं नसतं. आणि तू पायथ्याचा एक ट्रक भरून आणलास तरी तो पायथ्याचाच ट्रक, असं म्हणाले. माल पट्ट्यावरून पुढे सरकत असताना ठरावीक वेळाने त्यातला एकेक भाग काढायचा, तो सगळा एकत्र करून शंकूसारखा ढीग करायचा, सपाट करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे नि दोन टाकायचे, परत ढीग, परत चार भाग, असं करत करत मूठ उरेपर्यंत. कुठला भाग घ्यायचा ते आधी ठरलेलं असायचं, मालाकडे बघून ठरवायचं नाही. दगडाच्या बाबतीत आपण एवढे काटेकोर होतो, कारण त्यात पैसा होता.

आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ते पेजेच्या मडक्याला ठीक आहे, सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर उकळलेली असतात. गोव्याचा मतदार तसा शिजलेला नाही. पेडण्याचं मत वेगळं, सासष्टीचं वेगळं, एका वाड्यावरच्या दोन घरांचं पण वेगळं, कधीकधी एका घरातल्या दोन भावांचं. तिथे कुठलं शीत उचललं हाच सगळा प्रश्न आहे.

आता मार्जिन ऑफ एररचं गणित एकदा सरळ सांगते, कारण तुमच्या डेस्कवरच्या कुणालाही पाच मिनिटांत येईल असं ते आहे. समजा हजार माणसं चिठ्ठी टाकून निवडली आणि त्यातले अर्धे एका बाजूचे निघाले. दुसरी हजार निवडली असती तर बरोबर पाचशेच आले असते असं नाही, थोडं इकडे-तिकडे झालं असतं. हे इकडे-तिकडे किती होईल ते मोजायचं सूत्र म्हणजे १.९६ गुणिले वर्गमूळात [प गुणिले (१ वजा प)] भागिले न, ह्यात प म्हणजे मिळालेला वाटा आणि न म्हणजे माणसं. वाटा निम्म्याच्या आसपास असेल तेव्हा हे सगळ्यात मोठं येतं आणि तेव्हा ते ०.९८ भागिले माणसांचं वर्गमूळ एवढंच उरतं. हातात कॅल्क्युलेटर नसेल तर १ भागिले वर्गमूळ धरा, फार चुकणार नाही. १०० माणसांना जवळजवळ १० टक्के, ४०० ना ४.९, १,००० ना ३.१, २,४०० ना २. म्हणजे मार्जिन अर्धं करायचं तर माणसं चौपट लागतात, आणि पैसे पण साधारण तेवढेच, म्हणून बहुतेक सर्व्हे हजार-दोन हजारावर थांबतात, त्यात लबाडी काही नाही.

लोकांना एक गोष्ट पटत नाही, माझ्या वर्गातही पटत नाही, की गोवा एवढासा आणि उत्तर प्रदेश एवढा मोठा, मग दोन्हीकडे हजार माणसं सारखीच कशी पुरतात? पुरतात, कारण चमचाभर हुमण चाखताना टोप केवढा आहे त्याने फरक पडत नाही, नीट ढवळलंय की नाही त्याने पडतो. लोकसंख्येचा फरक पडतो तो ती अगदी कमी असेल तेव्हा. एखाद्या वाड्यावर ९०० मतदार आहेत आणि त्यातल्या ३०० ना विचारलं तर अधिक-उणे ५.७ च्या जागी ४.६ येतं, कारण तिसरा हिस्सा आपण विचारूनच घेतलेला असतो. गोव्यात २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५ माणसं होती, तिथे हजाराच्या सँपलला ह्या सवलतीचा काही उपयोग नाही.

आणि त्या १.९६ मध्ये ९५ टक्क्यांची गोष्ट लपलेली आहे. सगळं नियमाने केलं तरी वीस सर्व्हेंतला सरासरी एक त्या मार्जिनच्याही बाहेर जाणारच. कुठला, ते आधी कळत नाही.

इथपर्यंत ठीक. आता तुमच्या हेडलाईनकडे येते. अमुक पक्षाला ३८ टक्के, तमुकला ३४, मार्जिन ३, म्हणजे ४ चा फरक ३ पेक्षा जास्त, म्हणून अमुक पुढे. हे चूक आहे हो. ते ३ प्रत्येकाच्या वाट्याचं आहे, दोघांच्या फरकाचं नाही. एकाचं वर गेलं की बहुतेक दुसऱ्याचं खाली जातं, म्हणून फरकाचं मार्जिन दीडपट ते दुपटीच्या आसपास जातं. हजार माणसांत ३८ आणि ३४ आले तर ४ च्या फरकाला अधिक-उणे ५.३ लागतं. म्हणजे ह्या सर्व्हेवरून कोण पुढे ते खात्रीने सांगता येत नाही, आणि 'चुरस' हा शब्द तुमच्याकडे आहेच, तो वापरा. माझं एवढं ऐकलंत तरी निम्म्या हेडलाईन बदलतील.

पण खरं दुखणं ते नाही. खरं दुखणं बाबांच्या पायथ्याचं आहे.

अमेरिकेत १९३६ साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत रूझवेल्ट विरुद्ध लँडन अशी लढत होती, तेव्हा लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने जवळजवळ एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, तेवीस-चोवीस लाख परत आली. तेवीस लाखांचं मार्जिन सूत्रात घालून बघा, अधिक-उणे ०.०६ टक्के येतं. साप्ताहिक म्हणालं लँडन जिंकणार, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले, साधारण ६१ टक्के मतांनी. चूक ०.०६ ची नव्हती, अठरा-एकोणीस टक्क्यांची होती. पत्ते घेतलेले टेलिफोनच्या यादीतून, मोटारींच्या नोंदणीतून, साप्ताहिकाच्या वर्गणीदारांतून, आणि मंदीच्या दिवसांत फोन नि मोटार कुणाकडे होती ते सांगायला नको, शिवाय ज्यांना सरकारवर राग होता त्यांनीच जास्त करून कार्ड परत पाठवलं. त्याच वेळी जॉर्ज गॅलप ह्या सर्व्हे करणाऱ्याने पन्नासेक हजार माणसांवर रूझवेल्ट म्हणून सांगितलेलं. आज तुमच्या पेजवरचा पोल हेच करतोय, फक्त टेलिफोनच्या यादीच्या जागी तुमचे फॉलोअर आले आणि पोस्टाच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप, आणि एका पक्षाच्या ग्रुपवर लिंक फिरली की पुढच्या अर्ध्या तासात निकाल कसा फिरतो ते तुम्ही स्वतः बघितलेलं असणार.

घरोघर जाऊन केलेल्या सर्व्हेत पण पायथा असतो, आणि हे मी ऐकून सांगत नाही. कॉलेजात असताना सुट्टीत मी एका एजन्सीसाठी फॉर्म भरायचं काम केलंय, नाव सांगत नाही. कागदावर नियम छान होते, ठरलेल्या ठिकाणाहून सुरुवात करा, उजवा हात धरून चला, दर पाचवं घर घ्या. मुंबई-पुण्याच्या बिल्डिंगींत हे जमत असेल. आमच्या वाड्यावर घर कुठलं पाचवं? एक घर रस्त्याला, दुसरं कुळागरात, तिसरं शेताच्या पलीकडे चढणीवर, आणि मधलं पोर्तुगीज काळातलं मोठं घर, त्याला बारा महिने कुलूप, मालक कुणी लंडनला, कुणी मुंबईला. कुलूप दिसलं की शेजारच्या घरी जा, सुपरवायझरने सांगितलेलं. कुत्रा मोठा असेल तर शेजारच्या घरी जा, हे कुणी सांगितलेलं नव्हतं पण सगळे करायचे. दुपारी अकरा ते चार फिरलं की दार कोण उघडतं? घरातल्या बायका, रिटायर माणसं, कधी मुलं. कंपनीत शिफ्टला गेलेला सापडत नाही, बोटीवर गेलेला तारवटी तर सहा-आठ महिने सापडत नाही, मासळीवाली बाजारात असते. शेवटच्या दोन दिवसांत कोटा भरायचा म्हणून आम्ही सगळे बाजारातल्या चहाच्या दुकानाबाहेर उभे राहिलो आणि जो थांबला त्याला विचारलं, तीस ते चाळीस वयाचे पुरुष इतके, फॉर्म भरले. रिपोर्टमध्ये त्या सगळ्याला रँडम सँपल म्हटलेलं आणि पुढे मार्जिन ३ टक्के. मी तेव्हा वीस वर्षांची होते, काही बोलले नाही, पैसे घेतले, त्याची खंत अजून आहे.

भाषेचं पण तसंच. सासष्टीत एका घरी मी मराठीत सुरुवात केली आणि त्या आजीचा चेहरा बदललेला मला दिसला, मग कोंकणीवर आले आणि ती मोकळी बोलली. बरोबरची मुलगी तिथे हिंदीत विचारायची, तिला उत्तरं वेगळी मिळायची. प्रश्न तोच, कागद तोच. संख्याशास्त्रज्ञ पी. सी. महालनोबिस ह्यांनी बंगालात तागाच्या पिकाचे सर्व्हे करताना ह्याच्यावरच उपाय काढलेला, एकाच भागात दोन स्वतंत्र सँपल, दोन वेगळ्या टोळ्या, आणि मग दोघांचे आकडे समोरासमोर ठेवायचे, जुळले तर ठीक आणि नाही जुळले तर गडबड कुठे आहे ते शोधा. हे १९३० नि ४० च्या दशकांतलं काम आहे. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, त्यांनी पीककापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार छोटा घेतला की उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरचं रोप आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत घेतो. असे हजार तुकडे कापले तरी चूक जात नाही, हजार वेळा तीच चूक होते. लबाडी कुणी करत नव्हतं, हातच तसा जातो.

बरोबर करणारे आहेत, आणि आपल्याच देशात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत आधी गावं निवडतात, ज्या गावात माणसं जास्त त्याला संधी जास्त, मग त्या गावातल्या सगळ्या घरांची यादी करतात, आणि त्या यादीतून ठरावीक अंतराने २२ घरं काढतात. घर बंद असलं तर शेजारचं घेता येत नाही, त्याच घरी परत जायचं. २०१९ ते २१ च्या फेरीत असं देशभरात सहा लाखांवर घरं केली. यादी करायला वेळ जातो, परत जायला पैसा जातो, एजन्सीला विचारलं तर ती हेच सांगेल, आणि ते खरं आहे. मग निदान जे केलं नाही ते केलं म्हणून छापू नका.

ह्या २२ वरून एक गोष्ट, जी मी कुठल्याच बातमीत बघितलेली नाही. समजा १,२०० माणसं, पण ती ६० जागी २०-२० अशी घेतली. एका वाड्यावरची २० माणसं एकमेकांसारखी असतात, एका देवळाची, एका चर्चची, एकाच पंचाची. त्यामुळे ती २० वेगवेगळी मतं नसतात, काही प्रमाणात तेच ते परत ऐकत असतो आपण. हे सारखेपण ० ते १ मध्ये मोजतात, १ म्हणजे सगळे अगदी एकसारखे. ते ०.१ एवढंच धरलं तरी हिशेब असा होतो, १ अधिक १९ (म्हणजे २० वजा १) गुणिले ०.१, म्हणजे २.९. १,२०० ला २.९ ने भागा, ४१४ उरतात. मार्जिन २.८ नाही, ४.८. गोव्याच्या गावात ते सारखेपण किती असेल ते तुम्ही गाव ओळखता, तुम्हीच सांगा.

आता सीटा. मला सगळ्यात जास्त हेच लिहायचंय. १,२०० चा सर्व्हे, ४० मतदारसंघ, म्हणजे एका मतदारसंघात ३० माणसं. ३० माणसांचं मार्जिन अधिक-उणे १८ टक्के. आणि आपल्याकडे सीटा कितीवर ठरतात? २०२२ ला सांत आंद्रे ७६ मतांनी, फोंडा ७७ मतांनी, सांखळी, जिथे मुख्यमंत्री स्वतः उभे होते, ६६६ मतांनी, पणजी ७१६ मतांनी. एका मतदारसंघात सरासरी एकोणतीस हजार मतदार. अर्ध्या टक्क्यापर्यंत खात्रीने जायचं म्हटलं तर सूत्र ३८,४१६ माणसं मागतं, तेवढे मतदारच नाहीत, मतदार मर्यादित आहेत ती सवलत दिली तरी साडेसोळा हजारांच्या वर माणसांना विचारावं लागेल, आणि ते पण एका मतदारसंघात. ३० माणसांवरून फोंड्याची सीट कुणाची ते सांगणं म्हणजे देवाला कौल लावणं झालं, आणि कौल लावताना निदान आपण कौल लावतोय असं सांगतो.

मग सीटांचा आकडा येतो कुठून? राज्याचा मतांचा वाटा घ्यायचा, मागच्या वेळच्या निकालावर तो सरकवायचा, आणि मॉडेल सीटा देतं. त्यात सर्व्हेपेक्षा अंदाज जास्त असतो. २०२२ ला भाजपला ३३.३ टक्के मतं आणि २० सीटा, काँग्रेसला २३.५ टक्के आणि ११. तिसरा हिस्सा मतांवर अर्धी विधानसभा, कारण बाकीची मतं चार-पाच ठिकाणी फुटली. एक-दोन टक्के कुठल्या पक्षाकडे कुठल्या तालुक्यात गेले त्यावर पाच-सहा सीटा इकडच्या तिकडे होतात. तुमचं ते '१७ ते २१ सीटा' जे असतं, त्याला खाली आधार काय आहे ते एजन्सीला विचारा, लेखी विचारा. ती १७ नि २१ ची टोकं मार्जिन ऑफ एररमधून आलेली नसतात, बहुतेक वेळा ती चर्चा करून ठरवलेली असतात.

गोव्याच्या माणसाला हे जास्त कळायला पाहिजे असं मला वाटतं, कारण 'ओपिनियन पोल' हा शब्द आपल्याकडे वेगळ्या अर्थाने घरात आलाय. १६ जानेवारी १९६७, गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं ह्याचं मतदान, निशाण्या फूल आणि दोन पानं. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आमच्या घरात त्यावर अजून दोन मतं आहेत, तो वाद इथे नको. मला दाखवायचंय ते एवढंच की तिथे मार्जिन ऑफ एरर नव्हतं, ३४,०२१ चा फरक हा मोजलेला फरक होता, सगळ्यांना विचारलेलं होतं. आमच्या आजीच्या पिढीला ओपिनियन पोल म्हटलं की ती मोजणी आठवते, आणि मग टीव्हीवर तोच शब्द हजार माणसांच्या सर्व्हेला लावलेला ऐकला की तिला तो निकालच वाटतो. माझ्या शेजारच्या काकी एक्झिट पोल संपल्यावर 'झालं, लागला निकाल' म्हणून टीव्ही बंद करतात. त्यांची चूक नाही.

आणखी एक नाव घेते. गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यात कोसबेनला. पणजीत त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो, आपण जातो, टाळ्या वाजवतो. ह्या माणसाने जुनी नाणी वजन करून करून त्यांचा काळ लावला, कारण नाणं हातोहात फिरताना झिजतं. एक नाणं काहीच सांगत नाही, एक जास्त झिजलं एक कमी, पण एका ढिगातली भरपूर नाणी एकत्र बघितली की ती किती काळ वापरात होती ते कळायला लागतं. आणि ते खरं यायला तो ढीग कुणी निवडून, चांगली-चांगली नाणी बाजूला काढून आणलेला नसावा लागतो. हे आपल्या माणसाचं काम आहे, ते आपण महोत्सवापुरतं ठेवू नये.

आता मागणं. नवीन काही मागत नाही. प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या नियमांत हे आधीच लिहिलेलं आहे, की निवडणुकीआधीचा सर्व्हे छापताना तो कुणी केला, कुणी करून घेतला, सँपल किती नि कसलं, माणसं कुठल्या पद्धतीने निवडली आणि मार्जिन किती, हे ठळक द्यावं. एक्झिट पोल कधी दाखवू नये ह्याचा तर कायदाच आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ, आणि ते तुम्ही सगळे तंतोतंत पाळता, घड्याळ लावून. मग हे पण पाळा. त्यात माझ्याकडून एवढंच जोडा, की किती जणांना गाठायचं ठरलेलं आणि त्यातले किती भेटले नाहीत किंवा नको म्हणाले, किती ठिकाणी जाऊन विचारलं, कुठल्या भाषेत विचारलं, आणि प्रश्न शब्दशः काय होता. जिथे माणसं आपणहून आली तिथे मार्जिन ऑफ एरर लिहूच नका, 'आमच्या पेजवर आलेल्यांचं मत' असं लिहा. आणि चाळीस सीटांचा अंदाज हजार-बाराशे माणसांवर असेल तर तो सर्व्हे म्हणून पहिल्या पानावर नको, कुणाचा तरी अंदाज म्हणून आत छापा.

जागा नाही असं म्हणाल. माझ्या मुलांनी गेल्या महिन्यात आमच्या वाड्यावर कचरा उचलायला गाडी वेळेवर येते का ह्याचा सर्व्हे केला. मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून ६० नावं काढली. ४७ जण भेटले, ९ घरं तीन-तीन फेऱ्या मारूनही बंद, ४ जण नको म्हणाले. २९ जणांनी सांगितलं वेळेवर येत नाही, म्हणजे ६२ टक्के, अधिक-उणे १४. मुलांना १४ बघून वाईट वाटलं, एवढी उन्हात फिरलो आणि एवढं मोठं मार्जिन, एकीने विचारलं मॅडम ते लिहिलं नाही तर? मी म्हटलं लिहायचं, आणि ती ९ बंद घरं पण लिहायची. चार ओळींत सगळं मावलं, शाळेच्या फळ्यावर अजून आहे. पंचायतीच्या सेक्रेटरींनी येऊन वाचलं, आणि त्यांनी पहिला प्रश्न त्या ९ घरांबद्दलच विचारला.

तुमच्या डेस्कवरच्या मुलामुलींसाठी कुठल्याही शनिवारी मी यायला तयार आहे, पणजी म्हणा, मडगाव म्हणा, फोंडा म्हणा, दोन तास पुरतात, पैसे नकोत. फळा आणि मतदार यादीचं एक पान ठेवा, आणि तुम्ही छापलेला एखादा जुना सर्व्हे, एजन्सीच्या पूर्ण रिपोर्टसकट. तो रिपोर्ट तुमच्याकडे नसेल तर एजन्सीकडून आधी मागवून घ्या.

देव बरें करूं.

तुमची एक वाचक,
डिचोली